छातीवर हात ठेवलेला माणूस : बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं आणि त्यांचा इतिहास



पत्रिकेत आजचा विषय 'स्त्रिया आणि हृदयविकार' असा छापलाय, त्यामुळे काहींना वाटलं असेल की कोणी डॉक्टरबाई येणार. मी डॉक्टर नाही. मी कॉलेजात 31 वर्षं इतिहास शिकवला. तेव्हा इतिहासाच्या बाईने हृदयविकारावर का बोलावं, हे आधी सांगते. मग पुढचं.

1989 साली आमच्या वडिलांना हार्ट ॲटॅक आला. सकाळी साडेसातची वेळ, हातात चहाचा कप. कप खाली पडला, डावा हात धरून ते खुर्चीत वाकले, दरदरून घाम फुटला. पाच मिनिटांत सगळी चाळ जमली. समोरच्यांनी रिक्षा आणली, कोणी तरी पुढे सायकल मारत डॉक्टरांना सांगायला गेलं. अर्ध्या तासात ते दवाखान्यात होते. वाचले. पुढे चांगली 17 वर्षं जगले.

दोनच वर्षांनी, 1991 च्या पावसाळ्यात, आई थकायला लागली. म्हणजे कशी? दोन जिने चढून आली की पायरीवर बसायची. रात्री दोन वाजता जाग यायची, मग उठून बसायची. म्हणायची, 'काही नाही गं, कोंडल्यासारखं होतंय.' पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये दुखायचं. आत्याने बाम चोळून दिला. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, 'या वयात बायकांना असं होतंच. मन रमवा.' तीन आठवडे असे गेले. गौरी-गणपती आले, तिने पुरणपोळ्या केल्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं, खाण्यात काही आलं असेल. तिला दवाखान्यात न्यायला आम्हाला 14 तास लागले. त्याच घरातून, त्याच रस्त्याने. दोन वर्षांपूर्वी अर्धा तास लागला होता.

ती त्यातून उठली. पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. सहा वर्षं अंथरुणाला टेकून काढली आणि गेली. एकदा मी तिला विचारलं, 'तू सांगितलं का नाहीस?' तर म्हणाली, 'मला काय ठाऊक? ह्यांना आलेला मी डोळ्यांनी बघितला होता ना. छातीत कळ कुठे होती मला? हात कुठे दुखत होता?'

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझी आई अडाणी नव्हती. हार्ट ॲटॅक कसा असतो हे तिला चांगलं माहीत होतं. तिने आपल्या नवऱ्याचा ॲटॅक पाठ केला होता, आणि स्वतःच्या बाबतीत ती त्याचीच वाट बघत बसली.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र आहे. हिंदी सिनेमात मुलगी पळून गेल्याची बातमी येते, वडील छातीवर हात ठेवतात आणि खाली कोसळतात. (हशा.) छातीवर हात ठेवलेली आई आठवून बघा बरं. आई बेशुद्ध पडते, आंधळी होते, खोकते. ॲटॅक मात्र वडिलांनाच येतो. इतिहासाचा विद्यार्थी असं चित्र दिसलं की एकच विचारतो : हे काढलं कोणी? कोणाला समोर बसवून काढलं?

तीन बायका

तर आपल्याला लंडनला जायचंय, 1768 सालात. आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे गादीवर होते, तो काळ. 21 जुलै 1768 ला विल्यम हेबर्डन नावाच्या नामांकित वैद्याने तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. छातीच्या एका विकाराबद्दल. चालताना, विशेषतः चढावर, आणि जेवणानंतर जास्त, छातीत असं काही होतं की माणूस जागच्या जागी थांबतो. थांबला की बरं वाटतं. कधी कधी ते डाव्या हातात उतरतं. या विकाराला त्याने नाव दिलं अँजायना पेक्टोरिस. 1772 मध्ये हा निबंध छापून आला. आजही डॉक्टर छातीच्या त्या दुखण्याला अँजायनाच म्हणतात.

हेबर्डनच्या मृत्यूनंतर, 1802 मध्ये, त्याच्या आयुष्यभराच्या टिपणांचं पुस्तक निघालं. त्यात तो सांगतो की असे जवळजवळ 100 रुग्ण आपण पाहिले. त्यांत तीन बायका आणि 12 वर्षांचा एक मुलगा. बाकी सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पन्नाशी ओलांडलेले पुरुष.

शंभरात तीन. या आकड्याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही सांगायला हवेत, नाहीतर मी वकिली करतेय असं होईल. पहिला अर्थ खरा आहे : पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, आणि सरासरी काही वर्षं उशिरा होतो.  दुसरा अर्थ असा, की लंडनच्या बड्या वैद्याची फी देऊन त्याच्यासमोर बसायला कोण येत होतं? हेबर्डनने जे समोर आलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. चूक पुढच्यांनी केली. 'माझ्याकडे तीनच बायका आल्या' याचं हळूहळू 'बायकांना हे होतच नाही' असं झालं.

खरी आणि खोटी

पुढची 100 वर्षं मी पटकन ओलांडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वैद्यकातलं सर्वांत मोठं नाव विल्यम ऑस्लर. 1892 मध्ये त्याचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक आलं, आणि डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. या पुस्तकात अँजायनाच्या प्रकरणात एक तक्ता आहे, आंरी ह्यूशार या फ्रेंच डॉक्टराकडून घेतलेला. दोन रकाने. एका बाजूला खरी अँजायना, दुसऱ्या बाजूला खोटी, म्हणजे मज्जातंतूंच्या दुबळेपणातून किंवा हिस्टेरियातून येणारी.

खोटीच्या रकान्यात काय होतं? कोणत्याही वयात होते. श्रमाशिवाय, आपोआप होते. बरेचदा रात्री होते. रुग्ण अस्वस्थ होतो, हालचाल करतो. जिवाला धोका नाही. आणि त्यातच एक निकष : बायकांमध्ये जास्त.

आता माझ्या आईला या तक्त्यासमोर बसवा. रात्री होतं, आपोआप होतं, ती उठून येरझाऱ्या घालते, आणि ती बाई आहे. चारही खुणा खोटीच्या बाजूला! 1991 मधल्या त्या डॉक्टरांनी ऑस्लर वाचला होता की नाही, मला माहीत नाही. पण 'मन रमवा' हा सल्ला कोणत्या वाटेने त्यांच्या तोंडी आला, ते या तक्त्यात दिसतं. पुस्तकं जुनी होऊन रद्दीत जातात, सवयी जात नाहीत.

ऑस्लरच्या डोळ्यांसमोरचा खरा रुग्ण म्हणजे धडाडीचा, महत्त्वाकांक्षी, स्वतःला कामात झोकून देणारा पुरुष. डॉक्टर मंडळी त्यात फार आढळतात, असंही त्याचं निरीक्षण होतं. पुढे 1912 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने दाखवून दिलं की हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही, आणि जिवंतपणी हे ओळखता येतं. आजच्या अर्थाने 'हार्ट ॲटॅक'ची समज तिथून पक्की होत गेली. त्याने सविस्तर मांडलेला रुग्ण होता एक 55 वर्षांचा पुरुष. पुन्हा पुरुषच. मी कोणाला दोष देत नाही. फक्त चित्रातल्या रेघा कशा एकावर एक गिरवल्या गेल्या, ते दाखवतेय.

'हार्ट्स अँड हजबंड्स'

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराने माणसं पटापट मरायला लागली. मग 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावात एक अभ्यास सुरू झाला. गावातली 5,209 निरोगी माणसं घेतली आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. आज आपण सहज म्हणतो ना, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे 'रिस्क फॅक्टर', तो शब्द रूढ केला या अभ्यासाने. आणि इथे अर्ध्याहून अधिक बायका होत्या, हे आवर्जून सांगितलं पाहिजे.

मग काय बिघडलं? सुरुवातीच्या वर्षांत दिसलं की पुरुषांचा हृदयविकार बऱ्याचदा थेट ॲटॅकनेच सुरू होतो. बायकांची सुरुवात छातीच्या दुखण्याने होते आणि त्यानंतर फार काही घडत नाही. निष्कर्ष निघाला : बायकांची अँजायना निरुपद्रवी. प्रत्यक्षात त्या बायका तेव्हा तरुण होत्या. त्या म्हाताऱ्या होईपर्यंत थांबायला हवं होतं. पुढे त्याच फ्रेमिंगहॅमने दुसऱ्या गोष्टीही सांगितल्या. मधुमेह असेल तर बाईला असलेला फायदा बराचसा निघून जातो, ही एक. आणि 1984 मध्ये छापून आलेली दुसरी अशी, की एकूण ॲटॅकपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक त्या वेळी कोणाला कळलेच नव्हते, नंतरच्या ठरावीक तपासणीतल्या ईसीजीवर सापडले. अशा न ओळखलेल्या ॲटॅकचं प्रमाण बायकांमध्ये जास्त होतं. पण 'निरुपद्रवी' हा शब्द तोवर घट्ट बसला होता.

तो किती घट्ट बसला होता बघा. 1964 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात हृदयविकारावर बायकांसाठी पहिली परिषद भरली. नाव काय? 'हार्ट्स अँड हजबंड्स'. हृदय आणि नवरे! (हशा.) बायकांना बोलावलं होतं ते नवऱ्याच्या हृदयाची काळजी कशी घ्यावी, त्याला काय खायला घालावं, हे शिकवायला. हसू येतं, पण आपल्या घरात वेगळं काय होतं? वडिलांच्या ॲटॅकनंतर आईने बिनमिठाचं, कमी तेलाचं सगळं शिकून घेतलं. त्यांचा डबा वेगळा आणि उरलेलं तळण ती खायची.

बायकांशिवायचे प्रयोग

आता सर्वांत चमत्कारिक भाग. 1960 च्या दशकात शास्त्रज्ञांनी असा विचार केला : पाळी जाईपर्यंत बायकांना हृदयविकार कमी होतो, तर मग त्यांचं इस्ट्रोजेन हे संप्रेरकच हृदयाचं रक्षण करत असेल. देऊन बघू या. दिलं कोणाला? पुरुषांना. अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाचा प्रयोग झाला, 8,341 रुग्ण, सगळे पुरुष. त्यातल्या एका गटाला इस्ट्रोजेन दिलं. फायदा तर झालाच नाही. मोठा डोस घेणाऱ्यांना उलट जास्त त्रास व्हायला लागला, म्हणून 1970 मध्ये तो डोस थांबवावा लागला.

मग 1982 मध्ये 'मिस्टर फिट' या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. नावातच मिस्टर. 12,866 पुरुष, बाई एकही नाही. ॲस्पिरिनने ॲटॅक टळतो का, हे तपासणारा प्रसिद्ध अभ्यास 1980 च्या दशकातला : 22,071 डॉक्टर, सगळे पुरुष.

हे सगळं निव्वळ तिरस्कारातून झालं असं समजू नका. थॅलिडोमाइड या औषधाने हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. त्या धसक्यातून 1977 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. हेतू रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की औषध चाचणीत बायकांना नाही, बाजारात मात्र बायकांनाही. हा नियम 1993 मध्ये बदलला. त्याच वर्षी सरकारी पैशाने होणाऱ्या संशोधनात बायकांना घेतलंच पाहिजे, असा अमेरिकेत कायदा झाला.

येंटल

हे बदलण्यामागे अनेक जणी होत्या. त्यांतल्या एकीचं नाव लक्षात ठेवा. डॉ. बर्नाडिन हीली. स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. 1991 मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. दोन्हींचा सूर एकच : हृदयविकार असलेल्या बाईची तपासणी आणि उपचार पुरुषापेक्षा कमी होतात. एका अभ्यासात सगळ्यांना पुढे ॲटॅक आलेलाच होता. पण ॲटॅकच्या आधी छातीत दुखत असताना हृदयाची नळीवाटे तपासणी पुरुषांची जवळजवळ दुप्पट प्रमाणात झाली होती. बायकांचं दुखणं कमी होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं.

हीलींनी त्या अंकात संपादकीय लिहिलं आणि या प्रकाराला नाव दिलं 'येंटल सिंड्रोम'. येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतली ज्यू मुलगी. तिला धर्मग्रंथ शिकायचे असतात, मुलींना ते शिकवत नाहीत, म्हणून ती मुलाचा वेश घेते. हीलींचं म्हणणं असं : बाईला ॲटॅक येऊन गेला, म्हणजे तिने आपलं हृदय पुरुषासारखंच आजारी आहे हे सिद्ध केलं, की मग तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. तोपर्यंत नाही.

हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि तारीख बघून थांबले. जुलै 1991. माझी आई पायरीवर बसायला लागली, त्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. ती ॲटॅक येईपर्यंत 'मन रमवा'मध्ये होती. आल्यावर सगळे धावले.

हीलींनी बायकांचा एक प्रचंड अभ्यास सुरू करवला, एक लाख एकसष्ट हजारांहून अधिक बायकांचा. त्यातलाच एक प्रयोग 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. कारण पाळी गेल्यानंतर हृदय सांभाळेल म्हणून लाखो बायकांना जी संप्रेरकांची जोडगोळी दिली जात होती, तिने हृदयाचं रक्षण होत नाही, धोका थोडा वाढतोच, असं निघालं. पुरुषांवर इस्ट्रोजेन तपासल्यानंतर तब्बल 30 वर्षांनी हे बायकांना विचारलं गेलं.

लक्षणं कोणाला विचारायची?

आता मूळ प्रश्नाकडे येते. बायकांची लक्षणं वेगळी असतात का?

2003 मध्ये जीन मॅकस्वीनी या परिचारिका-संशोधिकेने अगदी साधी गोष्ट केली. ॲटॅकमधून वाचलेल्या 515 बायकांना विचारलं : त्या आधी काय होत होतं? 95 टक्के म्हणाल्या, महिनाभर आधीपासून काहीतरी नवीन होत होतं. सुमारे 71 टक्क्यांना विलक्षण थकवा. 48 टक्क्यांची झोप बिघडली होती. 42 टक्क्यांना दम लागत होता. आधीच्या त्या काळात छातीत काही जाणवलेल्या 30 टक्केच होत्या. आणि ऐन ॲटॅकच्या वेळी 43 टक्क्यांच्या छातीत दुखलंच नाही.

इतिहासाची बाई म्हणून मी इथे साधनाची चिकित्सा करणार. या वाचलेल्या बायका होत्या. गेलेल्यांना कोणी विचारू शकलं नाही. शिवाय त्या काही महिन्यांनंतर आठवून सांगत होत्या. म्हणून याच्या जोडीला दुसरे पुरावे बघायचे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या 11 लाखांहून अधिक ॲटॅकच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छातीत न दुखता आलेल्या बायका 42 टक्के, पुरुष जवळजवळ 31 टक्के. दवाखान्यात मृत्यू : बायका 14.6 टक्के, पुरुष 10.3 टक्के. बायकांचं वय सरासरीने जास्त होतं, हेही त्यामागे होतं. पण तरुण बायकांतही हा फरक दिसला.

मग 2018 मध्ये 55 वर्षांपर्यंतच्या सुमारे 3,000 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात 87 टक्के बायकांनी आणि 89.5 टक्के पुरुषांनी छातीत दुखणं, दाब, आवळल्यासारखं होणं, यांपैकी काहीतरी सांगितलं होतं. जवळजवळ सारखंच! फरक असा की बायका त्याबरोबर आणखी तीन-चार गोष्टी सांगत होत्या : मळमळ, जबड्यात दुखणं, पाठ, धाप. आणि ॲटॅकच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन आलेल्यांपैकी 53 टक्के बायकांना 'हे हृदयाचं नाही' असं सांगितलं गेलं होतं. पुरुषांत तेच 37 टक्के.

मंडळी, आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. बायकांचं हृदय काही परक्या ग्रहावरचं नाही. त्यांच्याही छातीत बहुतेकदा काहीतरी होतंच. पण त्या ते 'कळ' म्हणून सांगत नाहीत, आणि ते एकटं येत नाही. पाच गोष्टी सांगितल्या की ऐकणारा सोयीची एक उचलतो. मळमळ उचलली की पित्त. थकवा उचलला की वय. घाबरं झालं म्हटलं की मन.

बायकांच्या लक्षणांना डॉक्टर पुष्कळ वर्षं 'एटिपिकल' म्हणत आले, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी. अहो, पण 'नेहमीची' ठरवली कोणावरून? त्या शंभरातल्या शहाण्णव पुरुषांवरून! 2021 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं की छातीच्या दुखण्यासाठी हा शब्द आता वापरू नका. हेबर्डनपासून मोजलं तर 253 वर्षं लागली.

आपल्याकडे

आपल्या देशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती. ब्रह्मदेशात जन्मल्या, युद्धात जपानी आले तेव्हा निर्वासित होऊन भारतात आल्या, अमेरिकेत हेलन टॉसिग आणि पॉल डडली व्हाइट यांच्याकडे शिकल्या आणि 1953 पासून दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवू लागल्या. ते बायकांचं रुग्णालय. त्यामुळे भारतीय बाईचं हृदय पहिल्यापासून त्यांच्या टेबलासमोर होतं. तेव्हा मोठा आजार होता लहानपणच्या संधिवाताच्या तापातून होणारा झडपांचा विकार. पण त्यांनी दिल्लीत फुप्फुसांमुळे हृदय कमजोर होण्याच्या आजाराचाही अभ्यास केला. परदेशात तो बिड्या-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार. इथे बायकाही तितक्याच. सिगारेट न ओढणाऱ्या. बोट कशाकडे गेलं? शेणी-लाकडांच्या चुलीच्या धुराकडे. 2020 मध्ये, 103 व्या वर्षी, त्या गेल्या. ही बाई दिवसभर करते काय, हा साधा प्रश्न विचारला की आजार कसा दिसायला लागतो, याचा हा धडा आहे.

तसा प्रश्न आपण आज विचारायचा. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, पण मिश्री किती जणी लावतात? तीही तंबाखूच. 2004 मध्ये 52 देशांचा एक मोठा अभ्यास आला. त्यातून दिसलं की दक्षिण आशियात पहिला ॲटॅक इतर देशांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो. म्हणजे 'बायकांना उशिरा येतो' हा दिलासा आपल्याकडे तेवढा लांबचा नाही. मधुमेह आहे का? बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, साखर वाढली होती का? पाळी लवकर गेली का? याही गोष्टी आता हृदयाच्या धोक्यात मोजतात. बाळंतपणाची फाईल माळ्यावर टाकून देऊ नका, ती पन्नाशीत लागते.

पुढच्या महिन्यातही कोणी तरी पायरीवर बसणार आहे, म्हणून लक्षणं मोजून सांगते. छातीत दाब, जळजळ, भरून आल्यासारखं, कोंडल्यासारखं. जबडा, मान, दोन खांद्यांच्या मध्ये, हात किंवा वरच्या पोटात दुखणं. धाप. थंड घाम. उमासे, उलटी. चक्कर. आणि काल जमलेलं काम आज न जमण्याइतका नवा थकवा. यातलं काही अचानक सुरू झालं आणि काही मिनिटांत ओसरलं नाही, किंवा जाऊन-येऊन होऊ लागलं, तर 108 ला फोन. घरकाम आवरून नाही, आंघोळ करून नाही, मुलगा ऑफिसातून आल्यावर नाही. दवाखान्यात गेल्यावर तोंडाने म्हणायचं : 'हे हृदयाचं असू शकतं का? ईसीजी काढा.' पहिला ईसीजी साधा आला तरी बात संपत नाही. थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. तेही विचारायचं. लाजायचं नाही.

शेवटचं. अँजायना या लॅटिन शब्दाचा अर्थ 'दुखणं' नाही. त्याचा अर्थ गळा आवळणं, जीव गुदमरणं. हेबर्डनने हे नाव मुद्दाम निवडलं, कारण त्याचे रुग्ण नुसती कळ सांगत नव्हते, ते गुदमरल्यासारखं आणि घाबरं होतंय असं सांगत होते. आई रात्री दोन वाजता उठून काय म्हणायची? 'कोंडल्यासारखं होतंय.' 1768 सालचा तोच शब्द, मराठीत. ती अगदी बरोबर सांगत होती. आम्ही ऐकणारे चार जण होतो घरात.



श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

प्रश्न : मॅडम, गॅस झालाय की ॲटॅक आहे, हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर : घरी नाही ओळखता येत. हेच उत्तर आहे. पित्ताची गोळी घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असंही नाही. डॉक्टरांनाही ईसीजी आणि रक्ताशिवाय नक्की सांगता येत नाही, तर आपण स्वयंपाकघरात उभं राहून कसं ठरवणार? दवाखान्यात गेलात आणि गॅस निघाला, तर हसत घरी या. आणि ज्यांनी नेलं त्यांनी 'उगाच घाबरवलंस' असं म्हणू नका. एकदा असं म्हटलं ना, की ती बाई पुढच्या वेळी सांगत नाही.